शेऱ्याचा रकाना

४ मार्च, मंगळवार

म्हणे, तुमचं रजिस्टर आता पुरे झालं! तेवीस वर्षांनी. आणि सगळ्यांसमोर. चिटणीस बोलली. माझ्या मुलीच्या वयाची, बँकेत नोकरी, बोलताना पेन टेबलावर आपटायची सवय. "काकू, राग मानू नका हं. पण सगळं मंडळ तुमच्या एकटीच्या डोक्यात आहे. तुमचं डोकं तापलं की मंडळ बंद!"

हशा पिकला. मीही हसले. न हसून सांगते कुणाला!

डोकं तापलं म्हणजे गेल्या महिन्यातला माझा ताप. आठ दिवस अंथरुणाला खिळले होते. आमच्या मंडळाचं काम आजाऱ्याजवळ बसायचं — घरी, दवाखान्यात, ज्याला कुणी नाही त्याच्याजवळ दोन तास, चार तास. दोनशे नऊ बायका आहेत. कुणाकडे कोणी जायचं ते मी ठरवते. त्या आठ दिवसांत समितीतल्या बाकीच्यांनी आपल्या मनाने ठरवलं, आणि टाचणीला पाठवलं मुलांच्या वॉर्डात!

टाचणी म्हणजे आमची कपडे शिवणारी. तोंडात सदा टाचण्या धरून बोलते म्हणून टाचणी. तिचा मुलगा सहा वर्षांचा होऊन गेला. अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी तिला म्हाताऱ्यांकडे पाठवते, बाळंतिणीकडेसुद्धा नाही, मुलांकडे तर नाहीच. कुणाला कारण सांगितलं नाही. तिलाही नाही. त्या दिवशी ती वॉर्डातून बाहेर आली ती रडत. जिन्यात बसून राहिली. आयाने पाणी दिलं म्हणे.

आणि दोष कुणाला? रजिस्टरला! "ही माहिती कुठे लिहिलेली असती तर आम्ही तिला पाठवलं असतं का?" — इति चिटणीस.

लिहिलेली आहे, बाई. तुझ्यासाठी नाही लिहिलेली.

आता सॉफ्टवेअर घ्यायचं. दोन प्रकारची आहेत. पुढच्या बुधवारी दाखवायला येणार.

६ मार्च, गुरुवार

उपवास. मौनही पाळलं. घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही.

९ मार्च, रविवार

इथे तरी खरं लिहावं. माझ्या वह्या दोन आहेत.

एक रजिस्टर — नाव, पत्ता, फोन, सभासद झाल्याची तारीख. ते मंडळाच्या टेबलावर असतं. कुणीही उघडावं.

दुसरी तपकिरी वही. ती माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली. त्यात शेरे. "रक्त बघू शकत नाही." "हिचा नवरा घरी असेल त्या वेळी बोलावू नये, नंतर हात उगारतो." "फार बोलते, बहिऱ्याकडे पाठवावी." "ह्या दोघी जावा, एका घरी एकाच दिवशी नको." तेवीस वर्षांचं आहे ते. मी कोणालाही उगीच कुठे पाठवत नाही. मॅट्रिकपर्यंत शिकले, पुढे शिकवलं नाही कुणी, पण माणूस कुठे बसवायचं ते मला कळतं. हा माझा अभिमान आहे. देवापुढे नाक घासलं तरी जात नाही.

ही पद्धत मोठ्या बाईंची. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, मंडळ त्यांनी काढलं, आधी रजिस्टर त्याच लिहीत. मला सोपवताना दोन गोष्टी सांगितल्या. रजिस्टर सगळ्यांचं, शेरा एकीचा. आणि लिहिणारीने स्वतःचं नाव यादीत घालायचं नाही — वाढणारी आधी जेवत नाही. दोन्ही पाळल्या. त्या जाऊन पंधरा वर्षं झाली. अजून पाळते.

१२ मार्च, बुधवार

आले दाखवायला.

आधी एक मुलगी. अबोल, नीटनेटकी. मेंबरशिप सॉफ्टवेअर. त्यात नाव, पत्ता, तारीख, चालू की बंद. वर्षातून एकदा सगळ्यांना विचारणा जाते — सभासद राहायचं का? उत्तर नाही आलं की नाव करडं होतं. संपलं. वीस मिनिटांत गुंडाळून गेली. मला आवडली.

मग टायवाला. भर उन्हात टाय घालून, घाम पुसत. सीआरएम म्हणे. "मॅडम, ह्यात प्रत्येक ग्राहकाशी असलेलं तुमचं नातं सांभाळलं जातं."

मी विचारलं, "आमचे ग्राहक कोण हो?"

"म्हणजे... ज्यांना तुम्ही सेवा देता ते."

"आजारी माणसं?"

"नाही नाही, आजारी माणूस आधी लीड, म्हणजे होणारा ग्राहक, असतो. तुम्ही एकदा जाऊन आलात की ग्राहक."

आमच्या अध्यक्ष — मेट्रनबाई, तीस वर्षं हॉस्पिटलात मेट्रन होत्या — म्हणाल्या, "आणि मेला की?"

टायवाला पाणी प्यायला. "त्याला क्लोज्ड म्हणतात, मॅडम."

मी मनात म्हटलं, चला, जिंकलो. पण नाही! त्याने एक चौकोन उघडून दाखवला. प्रत्येक सभासदाच्या नावाखाली शेऱ्याची जागा. कितीही लिहा. समितीतल्या नऊही जणींना दिसणार. चिटणीसचे डोळे लकाकले. "बघा काकू, हे असतं तर टाचणीताईंचं तसं झालं असतं का?" मेट्रनबाईंनी मान डोलावली. सगळ्यांनी डोलावली. टायवाला आणखी बरंच बोलत होता — रंग बदलता येतात, मोबाईलवर उघडतं, ज्याचं पान त्यालाही दिसतं, अमुक तमुक. मी ऐकणं सोडून दिलं होतं.

म्हणजे माझी तपकिरी वही चव्हाट्यावर. नऊ जणींच्या नऊ जिभा!

१३ मार्च, गुरुवार

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुला लोकांच्या गुपितांची काळजी आहे की तुझ्या खुर्चीची?"

मी भांडी जोरात ठेवली.

थोड्या वेळाने परत. "मी निवृत्त झालो तेव्हा गोदामाच्या किल्ल्या दिल्या. वाटलं होतं, दोन दिवसांत बोलावणं येईल, साहेब, अमुक माल कुठे आहे. एक फोन नाही आला. मोठं काही होत नाही गं. जगतो माणूस."

चाळीस वर्षांत समजूत काढायची रीत काही आली नाही ह्यांना. जखमेला मीठ लावतात आणि म्हणतात औषध आहे.

१७ मार्च, सोमवार

सून सीआरएमवरच काम करते तिच्या ऑफिसात. ती म्हणाली, "आई, दोन्ही तीस दिवस फुकट वापरता येतात. न वापरता नावं कशाला ठेवायची?" टोमणा होता की सल्ला, तिच्या बोलण्यातून कळत नाही. ताकास तूर लागू देत नाही.

पण फुकट आहे म्हटल्यावर... बसले. तिने मंडळाच्या नावाने दोन्ही उघडून दिली आणि ऑफिसला गेली. एका बोटाने टाईप करत होते. मेंबरशिपचं दहा मिनिटांत कळलं. मग दुसरं उघडलं. त्यात मराठी उमटतं का बघावं म्हणून तपकिरी वहीतली बारा नावं घातली, शेऱ्यासकट. जशीच्या तशी.

मग वर "रक्त" असं लिहून शोधलं. एका क्षणात तिघी समोर आल्या! मला वही चाळायला अर्धा तास लागतो. तेवीस वर्षं ज्याला मी माझी अक्कल समजत होते ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. आणि वाईट ह्याचं वाटतं की मजा वाटली. परत परत शोधलं. "जावा." "बहिरे." दुपार कशी गेली कळलं नाही. कपडे दोरीवर तसेच राहिले.

मग यंत्र बंद केलं. पाटी पुसावी तसं सगळं गेलं. हायसं वाटलं.

१८ मार्च, मंगळवार

सुनेने विचारलं, "कोणतं आवडलं, आई?"

"मेंबरशिपचं."

"का?"

"साधं आहे म्हणून."

सकाळी जप केला, दुपारी खोटं बोलले. साधं आहे म्हणून नाही. त्यात शेऱ्याला जागा नाही म्हणून. जागा नाही तोवर माझी जागा आहे. ह्यांचं खरंच होतं की! पण हे मी ह्या पानाखेरीज कुठे कबूल करायची नाही.

२२ मार्च, शनिवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

समितीची बैठक. मी बोलले. असं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. म्हटलं, लोक आपल्याला घरात घेतात, आतल्या खोलीत घेतात. त्यांची दुःखं काय भाजीच्या यादीसारखी उतरवून ठेवायची? आजाऱ्याला ग्राहक म्हणणाऱ्या यंत्राला आपण देवाचं काम सांगायचं? एकीने डोळे पुसले. हात वर झाले. पाच मेंबरशिपला, चार सीआरएमला. जिंकले!

तेवढ्यात चिटणीस लॅपटॉपमध्ये बघत म्हणाली, "एक मिनिट." तिने मेंबरशिपमध्ये रजिस्टर आधीच उतरवून घेतलं होतं, हजेरी लावायला. "काकू... तुमचं नाव येत नाहीये."

"कशात?"

"सभासदांत. दोनशे नऊ आहेत. तुम्ही नाही."

मी मोठ्या बाईंची गोष्ट सांगितली. लिहिणारीने स्वतःला मोजायचं नाही म्हणून. सांगताना मलाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "अय्या, म्हणजे मोठ्या बाईंचंही नाव नाही?" शोधलं. नाही. मंडळ ज्यांनी काढलं त्या मंडळात कधी नव्हत्याच!

पुन्हा हशा. ह्या वेळी मी हसले नाही.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या मनात पाप नाही, ते मला माहीत आहे, म्हणून जास्त लागलं. "मत सभासदाचंच धरता येतं. थर्मामीटर आपलं माणूस बघून पारा खाली आणत नाही." मग चार-चार. मग अध्यक्षांचं जादा मत.

सीआरएम.

आणि ज्या मेंबरशिपसाठी मी भांडले त्याच्याच यादीने मला पाडलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

येताना रिक्षा केली नाही. चालत आले. पैसे वाचवायला नाही. कुणी वाटेत बोलू नये म्हणून आडरस्त्याने.

२३ मार्च, रविवार

तेवीस वर्षं मी तिथली कुणी नव्हते. बसा आता जप करत.

२४ मार्च, सोमवार

चिटणीस घरी आली. हातात फॉर्म. "काकू, आधी हे भरा बघू! मला रात्रभर झोप नाही आली." भरला. सभासद क्रमांक २१०. नवीन सभासद म्हणून स्वागताचा मेसेजही आला मोबाईलवर. काय बोलायचं ह्याला!

मग हळूच, "आणि ती वही? मेट्रनबाई म्हणाल्या, तुमच्याकडे शेऱ्यांची वही आहे. रविवारपर्यंत द्याल? आम्ही टाईप करू."

"नाही कुठली वही. घरखर्चाची आहे ती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे नाही बघितलं. गेली.

सून दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आई, काय लिहायचं नाही ते तुम्ही ठरवा. पण कुणाजवळच काही नसलं तर पुढच्या वेळी तुम्ही आजारी पडलात की—"

"माझ्या आजारपणाची वाटच बघताय सगळ्या!"

ती ताटं उचलून आत गेली. मला वाटलं आदळेल. आदळली नाही. अगदी अलगद ठेवली एकेक. त्यानेच जास्त राग आला.

२७ मार्च, गुरुवार

ठरवलं. शेरे मीच टाईप करते असं कळवून टाकलं. चिटणीस खूश. प्रत्येकीच्या नावाखाली लिहायचं — "विशेष काही नाही." आज साठ जणींचं झालं, खालच्या टोकापासून वर चढत चालले आहे. विशेष काही नाही. विशेष काही नाही. जप केल्यासारखं.

सगळं झालं की वही जाळणार. ह्यांना सांगितलं. "जाळ की. फक्त सगळ्यांना सांगत फिरू नकोस. जाळणारे सांगत नाहीत, सांगणारे जाळत नाहीत."

जाळीन! दाखवतेच.

३० मार्च, रविवार

मेले. मी मेले.

चिटणीसने सकाळी सगळ्या सभासदांना मेसेज पाठवला — नवीन सोय झाली आहे, आपापलं पान उघडून आपली माहिती बरोबर आहे का बघा. मलाही आला. माझ्या पानावर नाव आणि पत्ता. मला काय, मी म्हटलं बघा बापड्या.

सून चहा घेता घेता थांबली. "आई, तुम्ही त्या दिवशी बारा नावं घातली होती, ती काढलीत ना?"

"यंत्र बंद केलं होतं की मी."

"बंद केलं म्हणजे पुसलं नाही, आई. मंडळाने तेच खातं पुढे चालू ठेवलंय."

तिने उघडलं. वरच्या टोकाला बाराच्या बारा शेरे तिथे! माझ्या शब्दांत. आणि मेसेज जाऊन दोन तास झालेले. तिने भराभर पुसले, हात चालत होते तिचे. बारापैकी आठ जणींनी आधीच उघडून पाहिलं होतं. तेही यंत्र सांगतं — कुणी कधी पाहिलं.

आठांत टाचणी आहे.

पहिला फोन बोलक्या बाईचा. "बहिऱ्याकडे पाठवायची होय मला! आणि मी समजत होते म्हाताऱ्याला माझा लळा लागलाय!" हसत होती. मग हसणं मध्येच तोडून तिने फोन ठेवला.

३१ मार्च, सोमवार

जिच्या नवऱ्याचं लिहिलं होतं तिच्याकडे गेले. तो कामावर गेल्याची वेळ साधून. दार अर्धं उघडलं तिने. आत ये म्हणाली नाही.

"त्याने बघायच्या आत मेसेज पुसला. वाचले." मग माझ्याकडे नीट बघून, "काकू, तुम्हाला सांगितलं होतं मी. त्यापेक्षा भिंतीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

मी जिना उतरले. कठडा धरून.

नऊ जिभा नकोत म्हणून भाषण ठोकलं होतं मी. एकच बोट पुरलं. माझं.

१ एप्रिल, मंगळवार

दाराची कडी वाजली की आधी खिडकीतून बघते. टाचणी आली नाही. आली तर काय सांगायचं ते दहा वेळा मनात घोळवलं — तुझं दुखणं मी कुणाला कळू दिलं नाही, अकरा वर्षं जपलं, एकदाच चूक झाली. पाया पडेन म्हटलं तिच्या.

वही जाळली नाही. कपाट उघडून बघते आणि परत लावते.

३ एप्रिल, गुरुवार

आली. सकाळीच, दुकान उघडण्याआधी. त्या पानाचा फोटो तिने मोबाईलवर काढून ठेवला होता, तो पुढे धरून वाचून दाखवला, "मुलांकडे पाठवू नये. कारण विचारू नये." तोंडात टाचण्या नव्हत्या. आवाज वेगळाच लागला.

मी म्हटलं, "तुला त्रास होऊ नये म्हणून गं."

"त्रास?" म्हणाली. "अकरा वर्षं मी समजत होते, तुम्ही मला अपशकुनी मानता. जिचं मूल गेलं तिची सावली आजारी पोरावर नको, असं. म्हणून मी कधी मागितलं नाही. तुम्ही देवधर्मवाल्या, तुम्हाला कोण विचारणार! त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी पाठवलं. एक पोरगी माझं बोट धरून झोपली. मी रडले ते—"

तशीच निघाली. दारातून वळून एवढंच, "विचारायचं तरी एकदा, काकू."

ती गेल्यावर वही घेऊन बसले. दोनशे नऊ शेरे, पहिल्या पानापासून. काही बायकांनी आपणहून सांगितलेले. बरेचसे मी लांबून पाहून ठरवलेले. विचारून लिहिलेला एकही नाही.